१६ गेज म्हणजे अर्धा सूत: पत्र्याचा आणि तारेचा गेज कसा ओळखायचा

"वीस गेजचा पत्रा द्या" असं सांगितलं की एका दुकानात १ मिलिमीटरचा पत्रा मिळतो आणि शेजारच्या दुकानात ०.९ चा. दोन्ही दुकानदार खरंच बोलत असतात. गेज हे माप नाही, तक्त्यातल्या एका ओळीचं ते नाव आहे. तक्ते एकाहून जास्त आहेत आणि आपल्या बाजारात निदान दोन तरी रोज वापरात आहेत. फॅब्रिकेशन, डक्टिंग, मोटर रिवाइंडिंग, कुंपण, छप्पर यांपैकी कशातही नवीन असाल तर एवढी गोष्ट आधी पक्की करा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आकडा मोठा, पत्रा पातळ: हे उलटं का?

गेजची सुरुवात पत्र्यापासून नाही, तारेपासून झाली. जाड सळई भोक असलेल्या साच्यातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. जितक्या खेपा जास्त, तितकी तार बारीक आणि तितका आकडा मोठा. इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आपापले आकडे होते. १८८४ पासून तिथे एकच अधिकृत तक्ता लागू झाला. तोच एसडब्ल्यूजी, म्हणजे स्टँडर्ड वायर गेज. पत्र्यासाठी १९१४ मध्ये वेगळा बर्मिंगहॅम गेज मान्य झाला, त्याला बीजी म्हणतात. इंग्रजांबरोबर दोन्ही इकडे आले. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, पण लोखंड बाजाराची जीभ अजून गेजवरच आहे.

खेपांचा आणखी एक परिणाम असा की दोन आकड्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. एसडब्ल्यूजीत १० वरून १२ वर गेलात की ०.६१ मिमी कमी होतात, २४ वरून २६ वर गेलात की जेमतेम ०.१० मिमी. म्हणून "दोनच गेजचा तर फरक आहे" हे वाक्य कोणी टाकलं, तर कुठल्या दोन गेजमधला ते विचारा.

सुताची किल्ली

तक्ता पाठ करायची गरज नाही. आपल्याकडे सुतार, लोहार, वेल्डर सगळे सूत वापरतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. बीजीची रचना अशी आहे की दर सहा आकड्यांनी जाडी बरोबर निम्मी होते:

४ गेज म्हणजे दोन सूत (६.३५ मिमी)
१० गेज म्हणजे एक सूत (३.१८ मिमी)
१६ गेज म्हणजे अर्धा सूत (१.५९ मिमी)
२२ गेज म्हणजे पाव सूत (०.७९ मिमी)
२८ गेज म्हणजे सुताचा आठवा भाग (०.४० मिमी)

४, १०, १६, २२, २८ हे पाच आकडे लक्षात ठेवा. मधला गेज हवा असेल तर दोन आकडे पुढे जाताना जाडीला १.२६ ने भागायचं. १६ चे १.५९, म्हणून १८ चे १.२६ आणि २० चे १.००. २२ चे ०.७९, म्हणून २४ चे ०.६३. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम.

एसडब्ल्यूजीला अशी सोपी किल्ली नाही. त्यासाठी हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. वजन ८ × ४ फुटी साध्या लोखंडी पत्र्याचं आहे, किलोमध्ये.

| गेज | एसडब्ल्यूजी मिमी | वजन | बीजी मिमी | वजन |
|---|---|---|---|---|
| १० | ३.२५ | ७५.९ | ३.१८ | ७४.१ |
| १२ | २.६४ | ६१.७ | २.५२ | ५८.७ |
| १४ | २.०३ | ४७.४ | १.९९ | ४६.५ |
| १६ | १.६३ | ३७.९ | १.५९ | ३७.१ |
| १८ | १.२२ | २८.५ | १.२६ | २९.३ |
| २० | ०.९१ | २१.३ | १.०० | २३.२ |
| २२ | ०.७१ | १६.६ | ०.७९ | १८.५ |
| २४ | ०.५६ | १३.० | ०.६३ | १४.७ |
| २६ | ०.४६ | १०.७ | ०.५० | ११.६ |

१४ आणि १६ ला दोन्ही तक्ते जवळजवळ एकच बोलतात. खरं भांडण २० पासून पुढे. कपाटं, डक्ट, पॅनल बॉक्स, पेट्या अशी बहुतेक कामं नेमकी तिथेच असतात.

कुठे कोणता तक्ता चालतो? तारेला जवळपास नेहमी एसडब्ल्यूजी. एसीच्या डक्टसाठी लागणाऱ्या जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याला बीजीच्या जवळचे मेट्रिक आकडे: २४ म्हणजे ०.६३, २२ म्हणजे ०.८०, २० म्हणजे १.००, १८ म्हणजे १.२५. ॲल्युमिनियमला एसडब्ल्यूजी. याचा पुरावा स्वयंपाकघरातच आहे. जाड बुडाच्या कढईच्या किंवा तव्याच्या खोक्यावर ३.२५ मिमी, ४.०६ मिमी, ४.८८ मिमी असे विचित्र आकडे छापलेले असतात. ते एसडब्ल्यूजीचे १०, ८ आणि ६ गेज आहेत. सीआर (थंड लाटलेलं पोलाद) आणि स्टेनलेसला मात्र दुकान बदललं की तक्ता बदलतो, तिथे डोळे उघडे ठेवा.

मोजायचं कसं

पत्र्यासाठी मायक्रोमीटर घ्या. ० ते २५ मिमीचा, ०.०१ मिमी दाखवणारा पुरतो. व्हर्निअर चालतो, पण त्याचे जबडे पातळ पत्र्यावर थोडे तिरके बसले तरी पाच शतांश मिलिमीटरचा घोळ होतो. २२ आणि २० गेजमधल्या निवाड्याला तो घोळ परवडत नाही.

आधी मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं कागदाने पुसा, बंद करा आणि शून्य येतं का बघा. शून्यावर ०.०२ दिसत असेल तर तेवढं प्रत्येक वाचनातून वजा करायचं. पत्र्याची कड कधीच मोजू नका. शिअर मशीनवर कापलेल्या कडेला बर (कापताना उठलेली धार) असते आणि कड किंचित दबलेलीही असते. कडेपासून निदान १० ते १५ मिमी आत या, तेल आणि धूळ पुसा. मागच्या रॅचेटने (टोकाच्या टकटक करणाऱ्या लहान मुठीने) फिरवत न्या आणि दोन-तीन टकटक झाले की थांबा. थिंबल (आकडे कोरलेली फिरती नळी) हाताने आवळलं तर वाचन कमी येतं, नव्या माणसाची ही पहिली चूक. चारही बाजूंना एकेक आणि जमेल तेवढं आत एक, असं पाच ठिकाणी मोजा. कॉइलमधून कापलेला पत्रा मध्यापेक्षा कडेला किंचित पातळ असू शकतो. म्हणून एका कोपऱ्यातल्या आकड्यावर माल परत पाठवू नका आणि ठेवूनही घेऊ नका.

पाइपची गोष्ट वेगळी. कापलेल्या तोंडाची बर कानसीने काढा. आतून हात फिरवला की वेल्डची उभी रेघ बोटाला लागते, ती जागा टाळा आणि तिच्या समोरच्या बाजूला मोजा. गोल पाइपच्या आतल्या वक्र भागावर मायक्रोमीटरचं सपाट तोंड नीट बसत नाही आणि आकडा जास्त दाखवतं. तिथे व्हर्निअरच्या जबड्यांची पातळ टोकं बरी, किंवा सरळ वजन करा.

तारेसाठी दुकानात भोकांची गोल चकती मिळते. तिच्या कडेला आत गेलेल्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेच्या आतल्या टोकाला एक गोल भोक. तार खाचेत बसवून बघायची असते, भोकात नाही. खाचेतून आत गेलेली तार अडकू नये एवढ्यासाठीच ते भोक आहे, आणि ते खाचेपेक्षा मोठं असतं. भोकात तार घालून गेज वाचणारे कमी नाहीत. चकतीवर कोणत्या तक्त्याचं नाव कोरलंय तेही वाचून ठेवा.

मायक्रोमीटरने तार मोजताना एकदा मोजून चतुर्थांश वळवा आणि पुन्हा मोजा. तार थोडी लंबगोल असते, दोन वाचनांची सरासरी घ्या.

वजनकाटा खोटं बोलत नाही, पण आकार विचारा

दहा पत्र्यांचा गठ्ठा आला तर प्रत्येक मोजत बसण्यापेक्षा वजन करा. लोखंडासाठी सूत्र: लांबी (मीटर) × रुंदी (मीटर) × जाडी (मिमी) × ७.८५ = किलो. फुटात हवं तर याहून सोपं: १ मिमी जाडीचा एक चौरस फूट पत्रा म्हणजे साधारण ७३० ग्रॅम. ८ × ४ चा पत्रा ३२ चौरस फूट, म्हणजे दर मिलिमीटरला २३.३ किलो. वजनाला २३.३ ने भागलं की जाडी हाती येते. ३०४ स्टेनलेससाठी ७.८५ च्या जागी ७.९३ आणि ॲल्युमिनियमसाठी २.७१ घ्या.

इथे एक खड्डा आहे. सगळे "आठ बाय चार" म्हणतात, पण आलेला पत्रा कधी २४४० × १२२० मिमीचा असतो, तर कधी २५०० × १२५० चा. दुसरा पहिल्यापेक्षा पाच टक्क्यांनी मोठा. ०.९५ चा मोठा पत्रा आणि १.०० चा लहान पत्रा काट्यावर जवळजवळ एकच वजन दाखवतात. म्हणून आधी टेप लावा, मग काटा.

चौकोनी पाइपलाही हाच न्याय. ४० × ४० चा १.६ मिमीचा पाइप मीटरला सुमारे १.९ किलो भरतो, तोच १.४ चा असला तर १.७. सहा मीटरच्या नगात साधारण दीड किलोचा फरक पडतो. गोल लोखंडी पाइपसाठी सूत्र: (बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी × ०.०२४७ = किलो प्रति मीटर, मापं मिमीत.

दहावा भाग मिलिमीटरने काय बिघडतं?

पैसे हे एक कारण झालं. त्याहून मोठं कारण ताठपणाचं. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने बदलतो. १.० च्या जागी ०.९ घातला की ताठपणा २७ टक्के घसरतो, ०.८ घातला की जवळपास निम्मा होतो. कपाटाचा कप्पा फायलींच्या ओझ्याने पोटात जातो तो यामुळे. गोदरेज पद्धतीच्या कपाटाचे दोन भाव ऐकले आणि त्यात मोठी तफावत दिसली, तर दरवाजाच्या, बाजूच्या आणि कप्प्याच्या पत्र्याची जाडी वेगवेगळी विचारा. बहुतेक वेळा उत्तर कप्प्यात सापडतं.

बेंडिंगमध्येही फरक पडतो. ९० अंशाच्या एका बेंडला, आतली त्रिज्या जाडीएवढी असेल तर, कापायच्या पत्र्यातून साधारण १.८ पट जाडी वजा करतात. १.० धरून आखणी केली आणि आला ०.९, तर प्रत्येक बेंडला ०.१८ मिमी चुकतो. सहा बेंडच्या बॉक्समध्ये तो १ मिमीच्या वर जातो, आणि मग झाकण बसत नाही म्हणून कानस घेऊन बसावं लागतं. लेझर कटिंगला फाइल पाठवताना गेज लिहूच नका, मोजलेली जाडी लिहा.

वेल्डिंगच्या रॉडलाही गेजचीच नावं आहेत. "बारा नंबर" म्हणजे २.५ मिमीचा, "दहा नंबर" ३.१५ चा, "आठ नंबर" ४ चा. १८ गेजच्या पाइपवर दहा नंबरचा रॉड चालवला की भोक पडलंच समजा. बारा नंबर लावा, करंट उतरवा आणि सलग न ओढता तुकड्यातुकड्यात टाके घ्या.

लेप असलेला पत्रा

जीआय पत्र्यावर जस्त असतं. १२० जीएसएम म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त. जाडीत ते जेमतेम ०.०१७ मिमी होतं. २७५ जीएसएमचं सुमारे ०.०३९ मिमी. डक्टच्या कामात हे दुर्लक्षिलं तरी चालतं, पण गंज किती वर्षांनी लागेल ते जस्तावरच ठरतं. त्यामुळे जाडी आणि जीएसएम हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा.

रंगीत छपराच्या पत्र्यात मात्र हा फरक खिशाला लागतो. ०.५० टीसीटी म्हणजे रंग आणि लेप धरून एकूण जाडी. खालच्या पोलादाची जाडी बीएमटी. चौरस मीटरला १५० ग्रॅम ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप सुमारे ०.०४ मिमी खातो, दोन्ही बाजूंचा रंग मिळून आणखी ०.०३ च्या आसपास. म्हणजे ०.५० टीसीटीच्या आत पोलाद ०.४३ च्या जवळपास. पर्लिनमधलं (पत्र्याखालच्या आडव्या आधारांमधलं) अंतर ठरवताना उपयोगाला येतं ते पोलाद, रंग नव्हे. कोकणात शेडवर वारा आणि पाऊस दोन्ही झोडपतात, तिथे भाव विचारताना "टीसीटी की बीएमटी?" हे आधी विचारा. एक ०.५० टीसीटीचा भाव देतो, दुसरा ०.५० बीएमटीचा, आणि घेणारा म्हणतो, पहिला स्वस्त आहे.

तार: कुंपण आणि मोटर

जाळीची किंवा कुंपणाची तार किलोवर विकली जाते, म्हणून तिची लबाडी वेगळ्या अंगाने येते. लोखंडी तारेचं वजन: व्यास (मिमी) × व्यास ÷ १६२ = किलो प्रति मीटर. सळईचं वजन काढायचं सूत्र तेच. १२ गेजची, म्हणजे २.६४ मिमीची तार किलोला सुमारे २३ मीटर भरते. "१२ गेज" म्हणून २.५ ची तार आली तर किलोला २६ मीटर मिळतात आणि शेतकरी खूश होतो, की तार पुरली! पण काटछेद दहा टक्के कमी झालेला असतो, ताण सहन करायची ताकदही तेवढीच कमी. द्राक्षाच्या मांडवाला घड लागल्यावर ते कळतं. १० गेजला किलोला सुमारे १५ मीटर, १४ ला ३९. तयार जाळी चौरस फुटावर घेत असाल तर हिशेब उलटा होतो, पातळ तारेचा फायदा थेट विकणाऱ्याला. तिथे एक तार सोडवून मोजाच.

रिवाइंडिंगच्या (मोटरची गुंडाळी नव्याने भरण्याच्या) तांब्याच्या तारेवर इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप असतो, तो धरून मोजलं तर गेज एक पायरी जाड वाटू शकतो. जुन्या गुंडाळीतला तुकडा ज्योतीवर हलका जाळा, बारीक पॉलिश पेपरने पुसा, मग मोजा. चाकूने खरवडू नका, तांबंही निघतं. आणि मोटर परदेशी असेल तर नेमप्लेट बघून थांबा. अमेरिकन एडब्ल्यूजीची २० नंबरची तार ०.८१ मिमी, आपली एसडब्ल्यूजी २० ची ०.९१. नंबर सारखा, पण तांबं २१ टक्के कमी. एसडब्ल्यूजी २० च्या जागी एडब्ल्यूजी २० भरली तर मोटर तापते. उलटं केलं तर तार स्लॉटमध्ये मावत नाही.

अमेरिकन ड्रॉइंग आलं तर

पुण्या-पिंपरीच्या किंवा नाशिकच्या कारखान्यांत निर्यातीची कामं येतात आणि ड्रॉइंगवर नुसतं "१६ गेज" असतं. अमेरिकेत त्याचा अर्थ धातू बदलला की बदलतो: साधं पोलाद १.५२ मिमी, जीआय १.६१, स्टेनलेस १.५९, ॲल्युमिनियम १.२९. १८९३ मध्ये तिथे पत्र्याचा जो गेज ठरला तो वजनावर बेतलेला होता, ॲल्युमिनियमचा तारेच्या तक्त्यावर. त्यामुळे धातू कोणता हे कळल्याशिवाय कोटेशन देऊ नका, आणि दिलंत तर त्यात मिमी लिहून ग्राहकाकडून लेखी होकार घ्या.

फसवे आकडे

स्क्रूचा नंबर गेजसारखा दिसतो, पण सरळ चालतो: सेल्फ ड्रिलिंग स्क्रूत १० नंबर ४.८ मिमी, १२ नंबर ५.५ मिमी. मोठा आकडा, जाड स्क्रू.

प्लास्टिकच्या कागदाचा गेजही सरळच. १०० गेज म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन, ४०० गेज म्हणजे १००. पत्र्याच्या सवयीने "आकडा मोठा म्हणजे पातळ" असं धरलं तर शेततळ्याचा कागद घेताना पस्तावाल. तिथे गेज सोडून मायक्रॉनच बोला, ५०० मायक्रॉन हवा असेल तर तेच. मोजताना एक पदर मोजू नका. आठ पदरी घडी करा, मधली हवा दाबून काढा, मायक्रोमीटर लावा आणि आठाने भागा.

ऑर्डर लिहिताना

फोनवर गेज बोललात तरी कागदावर गेज लिहू नका. ओळ अशी असावी: "सीआर पत्रा, १.०० मिमी, कमी-जास्त ०.०५, आकार २५०० × १२५० मिमी, १० नग, अंदाजे वजन २४५ किलो." वजन लिहिल्यामुळे जाडी आणि आकार दोन्ही बांधले जातात. १.०० च्या पत्र्यात दोन-चार शतांश इकडेतिकडे होणं पत्रा लाटणाऱ्या गिरणीच्या मुभेत बसतं, त्यावरून वाद घालू नका. दहाही पत्रे ०.९१ भरले तर ती मुभा नाही, तो एसडब्ल्यूजीचा २० गेज आहे आणि भाव त्याचाच लागला पाहिजे.

टेम्पो आला की गठ्ठ्याच्या वरचा, मधला आणि खालचा असे तीन पत्रे मोजा. वरचा एकच मोजायचा नाही. आणि हे माल उतरवण्याआधी करा. एकदा पत्रा कापला की तो कुठल्याही गेजचा असला तरी तुमचाच.